ओढणे आणि आवरणे



खोडाळ्याहून विहीगावकडे उतरणारा रस्ता आपणांपैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. मागच्या पावसाळ्यात त्या रस्त्याने जात असता एक बंद पडलेली पिकअप पाहिली. पुढे एक टेम्पो, मधे दोर आणि मागे पिकअप, अशी वरात चालली होती. पिकअपच्या हौद्यात कामाला निघालेली दहाबारा माणसे तशीच बसून होती. चढ होता तोवर सारे ठीक चालले. उतार लागला, दोर सैल पडला आणि पिकअप टेम्पोवर जाऊन आदळली. दैव बलवत्तर, म्हणून खरचटण्यावर भागले. मला मात्र तिथून फार दूर नसलेला कसाऱ्याचा घाट आठवला. कारण एका गाडीने दुसरी गाडी न्यायची कशी, हा धडा त्या घाटात माणसे दीडशे वर्षांहून अधिक काळ गिरवीत आली आहेत.

तसे पाहिले तर धडा बैलगाडीइतका जुना आहे. चढण अवघड असली की गाडीवान जादा बैलजोडी जुंपी आणि माथ्यावर पोचताच ती सोडून देई. पण त्याच वेळी एक माणूस धोंडा हाती घेऊन चाकाच्या मागे चाले. बैल दमून थांबले की धोंडा चाकाखाली! ओढणारा पुढे आणि आवरणारा मागे, ही विद्या आपल्या गाडीवानाला शाळेत न जाता येत होती.

पुढे आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा चौदा डब्यांना तीन इंजिने जोडली होती. ती वाट सपाटीची. खरी परीक्षा पुढे होती, कारण पुण्याला जायचे तर बोरघाट आणि नाशिकला जायचे तर थळघाट, म्हणजेच आपला कसारा घाट. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि थळघाटातून १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीस पोचली. हजारो मजुरांनी डोंगर फोडला. त्यांतले किती तरी पटकीने आणि तापाने तिथेच राहिले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा हा चढ सुमारे पंधरा किलोमीटरांचा. जिथे तो सर्वांत कठीण आहे, तिथे ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर चढावे लागते. रस्त्याच्या गाडीला हे काही विशेष नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून आगगाडीला हा चढ भारी पडतो. यासाठी कसाऱ्याला जादा इंजिने लागतात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. आता गंमत पाहा, ही इंजिने पुढे न जोडता मागे जोडतात. का बरे? पुढूनच ओढले आणि मधली साखळी तुटली, तर मागचे डबे उतारावरून मागे धावत सुटतील. मागून इंजिनाने टेकू दिला असेल तर साखळीवरचा ताण कमी होतो, आणि ती तुटलीच तरी डबे जागच्या जागी राहतात. गाडीवानाच्या हातातला धोंडा तो हाच!

चढाची ही तोड निघाली, पण उतार? जानेवारी १८६९ मध्ये बोरघाट उतरणारी एक गाडी आवरेना. ती खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात शिरली आणि रूळ संपतात तिथून पुढे कोसळली. अशा प्रसंगांसाठी घाटात ठिकठिकाणी कॅच सायडिंग असते. म्हणजे काय, तर डोंगराच्या अंगाला चढत जाणारा एक आडवा फाटा. उतरणारी गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली, तरच तिला मुख्य वाट मिळते. ती बेफाम असेल तर फाट्यावर जाते आणि चढाने तिचा जोर मोडतो.

१९२८ पासून विजेची इंजिने आली. लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. उतारावर या इंजिनांच्या मोटारी जनित्राचे काम करून गाडीला आवरीत आणि ती वीज तारेत परत जाई. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत हा चढ बँकरावाचून चढते. तिची ताकद डब्याडब्यांत वाटलेली आहे.

आता रस्त्याकडे वळू. अमेरिकेत मोठ्या घरगाडीच्या मागे पिकअप चारी चाकांवर ओढून नेण्याची रीत आहे. पण तिथे दोर चालत नाही, लोखंडी दांडा लागतो. मागच्या गाडीचे ब्रेक पुढच्या गाडीशी जोडतात. शिवाय इंजिन बंद असता चाकांबरोबर गिअरबॉक्सचे भाग फिरतात आणि काही गाड्यांत त्यांना तेल पोचत नाही. म्हणून कोणती गाडी अशी ओढावी, हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडे १९८९ च्या रस्ता नियमांनी बंद गाडी ओढण्याला मर्यादा घातल्या. दोन गाड्यांत पाच मीटरांहून अधिक अंतर चालत नसे, वेग ताशी २४ किलोमीटरांच्या आत ठेवावा लागे, आणि मागच्या गाडीत परवानाधारक चालक लागे. हा चालक कशासाठी? आवरण्यासाठी! इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते आणि पायाला पुष्कळ अधिक जोर लावावा लागतो, हे त्याने ध्यानात ठेवले पाहिजे. आणि हौद्यातली माणसे आधी उतरवली पाहिजेत. कामाला उशीर झाला तर एक दिवसाची मजुरी बुडेल. माणूस गेले तर घर बुडते.

गुरुजनांना एक विनंती. काड्यापेटीच्या दोन गाड्या करा, मधे दोरा बांधा आणि उतरत्या फळीवरून सोडा. मग दोऱ्याच्या जागी काडी लावून पाहा. मुले जे पाहतील ते विसरणार नाहीत. दोर ओढू शकतो, आवरू शकत नाही. घाट बांधणाऱ्यांनी हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. आपल्याला ते फुकट मिळते आहे. तेव्हा ते घेऊ या.