उतार : चढाच्या पोटी जन्मलेला शब्द

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच रेवसला लागली तेव्हा ओहोटी सरत आली होती. धरमतरच्या खाडीच्या मुखाशी चिखल दूरवर उघडा पडला होता, आणि धक्क्याच्या ओल्या पायऱ्या सांभाळून चढत मी वर आलो. त्या रात्री घरी पत्र लिहिताना 'रेवसला सुखरूप उतरलो' हे शब्द लेखणीतून सहज गेले, आणि चढून आलेला मनुष्य 'उतरलो' कसा म्हणतो, या एका प्रश्नाने मला जे धरले ते आजतागायत सोडलेले नाही.

'उतरणे' हे संस्कृत 'उद्' व 'तॄ' यांपासून आले, असे माझे ठाम मत आहे. 'तॄ' म्हणजे तरणे, पार जाणे. 'उद्' म्हणजे वर. मूळ अर्थ, पाण्यातून वर काठावर येणे. याला प्रतिपक्ष असा की, अर्थ जर खाली येण्याचा, तर मूळ 'अवतरणे' हेच असले पाहिजे. आक्षेप वजनदार खरा. परंतु 'अवतरति' याचे पालीत 'ओतरति' आणि प्राकृतात 'ओअरइ' झाले, म्हणजे दोन स्वरांमधला एकेरी तकार तेथे गळून पडला. 'उत्तरति' मधला तकार जोड असल्यामुळे 'उत्तरइ' असा टिकला, आणि तोच आपल्या 'उतरणे' मध्ये आजही उभा आहे. अर्थ फिरू शकतो; ध्वनींचा असा पुरावा सहसा फिरत नाही.

मग अर्थ का फिरला? माझे अनुमान असे की, नावेतून काठावर येणे हीच प्रवासाच्या समाप्तीची आद्य खूण असल्यामुळे तो शब्द पुढे घोड्याला, पालखीला व जिन्यालाही लागला, आणि त्या साऱ्या ठिकाणी वाहन सोडणे म्हणजे खालीच येणे असल्याने 'वर' हा अर्थ बुडाला. पाहुण्याला 'कोठे उतरलात?' असे विचारताना किंवा प्रवाशाला 'उतारू' म्हणताना आपण अद्यापि त्या नावेतच असतो. दफ्तरातला सातबाराचा उतारा याच घराण्यातला. आणि डोंगराचा उतार हा तर त्या घराण्याचा सर्वांत थोरला वंशज.

गणिताने या उताराला दिशा दिली. पृष्ठभागावरील एखाद्या बिंदूपाशी सर्वांत तीव्र चढ कोणीकडे आहे हे दाखविणारी सदिश राशी म्हणजे ग्रेडियंट. मराठी परिभाषेत प्रवणता. समजा, पूर्वेस १०० मीटर गेल्यास जमीन ३ मीटर चढते आणि उत्तरेस तितकेच गेल्यास ४ मीटर. तर पूर्वेकडे ३ व उत्तरेकडे ४ या प्रमाणात झुकलेली दिशा सर्वांत तीव्र, आणि त्या दिशेने चढ १०० मीटरला ५ मीटर. ही दिशा समोच्च रेषेला नेहमी काटकोनात असते. रेवसच्या चिखलावर ओसरत्या पाण्याची कड क्षणोक्षणी नवी समोच्च रेषा आखीत असते. तिला काटकोन करून पाहावे, सर्वांत तीव्र उताराची वाट सापडते.

गणितज्ञ हॅमिल्टनने १८४३ साली चतुष्टयी (क्वाटर्नियन) शोधून काढल्या आणि पुढे त्यांच्याच अभ्यासातून प्रवणतेचे चिन्ह निघाले, ही कथा सर्वश्रुत आहे. मला मोह पडतो तो गणितज्ञ कोशीच्या १८४७ मधील टिपणाचा. खगोलीय पिंडांच्या कक्षांच्या गणितातली समीकरणे सोडविण्यासाठी त्याला एका फलाचे (फंक्शनचे) न्यूनतम मूल्य गाठायचे होते, म्हणजे उतरायचे होते. परंतु प्रवणता तर नेहमी वरच बोट दाखविते. म्हणून तिच्या मागे ऋण चिन्ह लावून तो उलट दिशेने पाऊल टाकी, नव्या बिंदूपाशी पुन्हा दिशा काढी, पुन्हा पाऊल टाकी. उताराची वाट काढण्यासाठी त्याने आधी चढ शोधला. आपल्या भाषेनेही 'उद्' हा चढ पोटात ठेवूनच उतार साधला आहे. ते ऋण चिन्ह मात्र तिने शतकानुशतके मनातल्या मनातच मांडले.

परतीच्या दिवशीही ओहोटीच होती. त्याच पायऱ्या मी एकेक करून खाली गेलो, आणि सोबत्याने धक्क्यावरून हाक देऊन विचारले, 'चढलात का लाँचीवर?' मी 'चढलो' म्हणून सांगितले.