खलनायक बाई होतो तेव्हा

मंडळी, आज थोडा एका खलनायकाचा इतिहास.

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानमालिका सुरू झाली १९६३ साली. नायक परग्रहावरचा 'डॉक्टर'. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, पण माणूस तोच. १९६६ मध्ये मुख्य नटाची तब्येत साथ देईना म्हणून काढलेली ही पळवाट! १९७१ मध्ये त्याला तोडीस तोड वैरी मिळाला, 'मास्टर'. तोही शरीर बदलणाऱ्यांपैकीच. पहिला मास्टर रॉजर डेल्गाडो १९७३ साली अपघातात गेला, पण त्याच पळवाटेने मास्टर जगला. नट बदलत गेले, मास्टर मात्र चाळीसहून जास्त वर्षं पुरुषच.

मग १ नोव्हेंबर २०१४ च्या भागात मिशेल गोमेझची 'मिसी' सांगते, मीच तो मास्टर. लेखक स्टीवन मोफॅट. याच गृहस्थाने १९९९ मध्ये एका विडंबनात खुद्द डॉक्टरची बाई केली होती. तेव्हा तो निव्वळ विनोद होता.

तसं आपल्याला हे नवं नाही. आमच्या यवतमाळकडच्या दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. 'एकच प्याला'तली सिंधू (१९१९) उभी केली बालगंधर्वांनी. पण तिथे नट पुरुष असला तरी पात्र बाईच होतं. इथे पात्रच पुरुषाचं बाई झालं, आणि तरी डोकं तेच, दुष्टपणा तोच, डॉक्टरशी अर्धं वैर-अर्धी मैत्रीही तीच. चाहत्यांत कुरबुर झाली, पण गोमेझने काम असं काही केलं की मिसी बऱ्याच जणांची लाडकी झाली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हे टेस्ट सर्व्हरवर करून बघणं झालं. १ जुलै २०१७ ला मिसीची कथा संपली आणि १६ जुलैला जोडी व्हिटेकर नवी डॉक्टर म्हणून जाहीर झाली. आता खरी बोंब! जुना डॉक्टर पीटर डेव्हिसन म्हणाला, मुलग्यांचा आदर्श हरवला. दुसरा जुना डॉक्टर कॉलिन बेकरने त्याला जाहीर विरोध केला. ७ ऑक्टोबर २०१८ चा तिचा पहिला भाग ब्रिटनमध्ये एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला, ते वेगळंच.

खरी मेख इथे आहे. बाई दुष्ट असणं आपल्याला सहज पचतं. पूतना, शूर्पणखा, कैकेयी, सगळी तयारी आधीपासूनच आहे. बाई आदर्श म्हणून समोर आली की मात्र प्रश्न पडतो, मुलग्यांनी बघायचं कुणाकडे? इतकी वर्षं मुलींनी पुरुष डॉक्टरकडे बघूनच भागवलं, तेव्हा हा प्रश्न कितीजणांना पडला होता?

खलनायकाने दार उघडलं खरं, पण आत मालकी कुणाची समजली जात होती ते नायकाची बाई झाल्यावरच कळलं.

असो. २०२० मध्ये मास्टर परत पुरुष झाला, सचा धवनच्या रूपात. समोर बाई डॉक्टर. वैर मात्र पूर्वीसारखंच रंगलं!