एका औषधापासून तीन औषधांपर्यंत

रोगांचा इतिहास आपण पुष्कळदां ऐकतों. औषधांच्या निवडीचा इतिहास क्वचितच ऐकावयास मिळतो. एच्. आय्. व्ही. या विषाणूच्या बाबतींत तो फार उद्बोधक आहे.

१९८१ सालीं अमेरिकेंत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली आणि १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला. त्यावरील पहिलें औषध झिडोव्युडीन. कर्करोगासाठीं १९६४ सालीं तयार केलेलें व निरुपयोगी म्हणून बाजूस पडलेलें हें रसायन १९८७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तेव्हां निवडीचा प्रश्नच नव्हता; औषध एकच होतें. परंतु त्याचा गुण टिकेना. हा विषाणु आपली नक्कल करतांना वारंवार चुका करतो, आणि त्या चुकांतूनच औषधास दाद न देणारी संतति निपजते. चोरास एक पहारेकरी चुकवितां येतो. तिघांस एकदम चुकविणें कठीण. याच न्यायानें तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति निघाली. १९९६ च्या व्हँकूव्हर परिषदेंत तिचे परिणाम जगापुढें आले, आणि मरणाच्या दारीं पोंचलेलीं माणसें उठून कामास लागलीं.

पुढचा प्रश्न पैशाचा होता. या उपचारास वर्षाकाठीं दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषध बनविण्याच्या कृतीस संरक्षण होतें, खुद्द औषधास नव्हतें. त्या आधारावर मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनीं २००१ सालीं तीन औषधांचा संच वर्षास ३५० डॉलरांत देऊं केला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनेंही मोफत उपचार सुरू केले.

परंतु त्या स्वस्त संचांतील स्टॅव्हुडीननें कित्येकांचे गाल बसत, हातापायांस मुंग्या येत. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला. औषध सोसवलें नाहीं कीं मात्रा चुकतात, आणि मात्रा चुकल्या कीं विषाणु शिरजोर होतो.

आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्राव्हिर हीं तिन्ही एकाच गोळींत, दिवसांतून एकदां घेतां येतात. प्रौढांस व कुमारवयीनांस प्रथम हींच द्यावींत, असें संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें. तरीही वैद्यास विचार करावा लागतोच. क्षयावरील रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोल्युटेग्राव्हिर दोन वेळां द्यावें लागतें. मूत्रपिंडें अधू असतील, तर टेनोफोव्हिर जपून द्यावें लागतें.

माझें आयुष्य शाळेंत गेलें. म्हणून मला कुमारवयीन मुलांचें विशेष वाटतें. सोबत्यांच्या नजरा चुकवून मूठभर गोळ्या घेणाऱ्या मुलाकडून त्या किती दिवस घेतल्या जाणार? एक गोळी त्यास निभावतां येते. ती नित्य घेऊन रक्तांतील विषाणु सांपडेनासा झाला व तसाच राहिला, म्हणजे शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास लागत नाहीं. तें मूल मोठें होऊन संसारही करूं शकतें. म्हणून औषध निवडतांना त्याच्या सामर्थ्याइतकेंच, तें घेणाऱ्यास जन्मभर रोज घेतां येईल काय, हेंही पाहिलें पाहिजे.