सीमापार वेगदंड : युरोपातील एका प्रशासकीय प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

परदेशात वाहन चालवताना वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल होणारा दंड हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. रक्कम बहुधा मोठी नसते, गुन्हा गंभीर मानला जात नाही आणि चालक मायदेशी परतला की प्रकरण विस्मरणात जाते. तथापि, हा दंड वसूल कोणी करावा, कोणत्या अधिकाराने करावा आणि ज्याच्याकडून करावयाचा त्याला बचावाची संधी कशी द्यावी, हे प्रश्न किरकोळ नाहीत. राष्ट्राचे सार्वभौमत्व, कायद्यापुढील समता आणि नैसर्गिक न्याय ही तीन तत्त्वे या लहानशा दंडपत्रात एकमेकांसमोर उभी राहतात. प्रस्तुत लेखात युरोपच्या संदर्भात या प्रश्नाच्या ऐतिहासिक वाटचालीचा आढावा घेतला असून, अखेरीस भारतीय चालकाच्या स्थितीचाही थोडक्यात विचार केला आहे. मोटारीला सीमा ओलांडण्याची मुभा आधी मिळाली, तिच्यासोबतची जबाबदारी शंभर वर्षांनी आली आणि त्या जबाबदारीबरोबर द्यावयाचे न्यायाचे संरक्षण त्याहूनही उशिरा आले, हे या वाटचालीचे मुख्य सूत्र आहे.

१. स्थानिक दंड आणि सार्वभौमत्वाची भिंत

इंग्लंडमध्ये २८ जानेवारी १८९६ रोजी केंट परगण्यातील वॉल्टर अर्नोल्ड याने ताशी २ मैलांची मर्यादा असलेल्या गावातून सुमारे ८ मैल वेगाने मोटार नेली. सायकलवरून पाठलाग करून एका शिपायाने त्याला गाठले. वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्याला १ शिलिंग दंड झाला. वेगाबद्दलच्या सर्वांत जुन्या शिक्षांपैकी एक म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की गुन्हेगार, शिपाई आणि न्यायालय हे तिन्ही घटक एकाच परिसरातील होते. चालक कोण, तो कोठे राहतो, त्याला कोणती भाषा कळते, यांपैकी एकही प्रश्न उद्भवला नाही.

चालक परका असेल तर मात्र एक जुने कायदेशीर तत्त्व आड येत असे. कोणत्याही देशाची न्यायालये दुसऱ्या देशाचे दंडविषयक कायदे अमलात आणत नाहीत, असे ते तत्त्व होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८२५ मध्ये ‘द अँटिलोप’ या जहाजाविषयीच्या खटल्यात ते स्पष्ट शब्दांत मांडले होते. शिक्षा करणे हा सार्वभौम सत्तेचा गाभा असल्यामुळे परक्या सत्तेचा दंड वसूल करून देणे म्हणजे तिची चाकरी करणे होय, अशी त्यामागील भूमिका होती. मोटारगाडी अवतरली तेव्हा ही भिंत पूर्णपणे शाबूत होती.

२. मुभा आधी, जबाबदारी नंतर

११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे मोटारवाहतुकीविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रवासासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आणि गाडीचे राष्ट्र दर्शविणारी अक्षरे असलेली लंबगोल पाटी या दोन गोष्टी त्याने रूढ केल्या. चालकाने ज्या देशात गाडी चालवावयाची त्या देशाचे नियम पाळावेत, असेही त्यात नमूद होते. परंतु नियम मोडून तो परत गेल्यास काय, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढे १९ सप्टेंबर १९४९ चा जिनिव्हा करार आणि ८ नोव्हेंबर १९६८ चा व्हिएन्ना करार यांनी चिन्हे, परवाने आणि वाहतुकीचे नियम यांत बरीच एकरूपता आणली. गंभीर नियमभंगाबद्दल परदेशी चालकाचा परवाना वापरण्याचा हक्क आपल्या भूप्रदेशापुरता काढून घेण्याची तरतूद व्हिएन्ना करारात आहे. दंडाच्या सीमापार वसुलीची व्यवस्था मात्र याही करारांनी केली नाही.

तसा प्रयत्न युरोप परिषदेने केला. ३० नोव्हेंबर १९६४ रोजी स्ट्रासबर्ग येथे वाहतूक गुन्ह्यांच्या शिक्षेविषयीचा युरोपीय करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. चालक ज्या देशाचा रहिवासी असेल त्या देशाने एक तर स्वतः खटला चालवावा अथवा परक्या न्यायालयाची शिक्षा अमलात आणावी, अशी त्याची रचना होती. तो अमलात येण्यास १९७२ साल उजाडले आणि मोजक्याच राष्ट्रांनी त्याला अनुसमर्थन दिले. याउलट समान कायदेपरंपरा असलेल्या नॉर्डिक राष्ट्रांनी १९६३ मध्ये परस्परांच्या शिक्षा अमलात आणण्याविषयीचे कायदे केले, तर जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी १९८८ मध्ये प्रशासकीय सहकार्याचा द्विपक्षीय तह केला. परस्परविश्वास जेथे आधीच होता तेथे वसुली शक्य झाली, असा याचा अर्थ लावता येईल.

या काळात पोलिसांचा खरा भरवसा रस्त्यावरच रक्कम अथवा अनामत घेण्यावर होता. ही रीत जुनी असली तरी टिकाऊ ठरली. ब्रिटनने २००६ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने देशात पत्ता नसलेल्या चालकांसाठी अनामतीची योजना आणली व ती २००९ मध्ये सुरू झाली. या रीतीत एक जमेची बाजूही होती. गाडी थांबविली जात असल्याने गाडी कोण चालवत होते याविषयी संशय राहत नसे.

३. कॅमेऱ्यामुळे बदललेले स्वरूप

नेमकी हीच निश्चिती कॅमेऱ्याने हिरावून घेतली. डच मोटारशर्यतपटू मॉरिस गॅट्सोनिडेस याने १९५३ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली होती. वळणावर स्वतःचा वेग वाढविता यावा यासाठी त्याने वेगमापक उपकरण तयार केले आणि त्याच्याच कंपनीची उपकरणे पुढे वेग रोखण्यासाठी जगभर वापरली गेली. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने कॅमेऱ्याचा पुरावा ग्राह्य धरण्यात आला. फ्रान्सने २००३ मध्ये स्वयंचलित वेगनियंत्रण सुरू केले.

कॅमेरा पाहतो तो नोंदणी क्रमांक. चालकाची ओळख त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. त्यामुळे प्रत्येक देशाला एक मूलभूत निवड करावी लागली. नेदरलँड्सने १९८९ मध्ये संमत केलेल्या आणि ‘मुल्डर कायदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यान्वये किरकोळ वाहतूक गुन्हे फौजदारी न्यायालयाकडून प्रशासनाकडे सोपविले व दंड गाडीच्या नोंदणीकृत मालकावर बसविला. लेऊवार्डन येथील केंद्रीय वसुली कार्यालय त्याच व्यवस्थेचा भाग होय. जर्मनीने मात्र वेगभंगाबाबत प्रत्यक्ष चालकाचीच जबाबदारी मानण्याचे तत्त्व सोडले नाही. एका देशात मालक दोषी, दुसऱ्यात चालक दोषी, अशा दोन न्यायकल्पनांमध्ये दंडपत्र प्रवास करू लागले तेव्हा संघर्ष अटळ होता.

४. युरोपीय संघाचे प्रयत्न

२४ फेब्रुवारी २००५ रोजी युरोपीय संघाने आर्थिक दंडांच्या परस्परमान्यतेविषयी चौकट निर्णय घेतला. ७० युरो अथवा त्याहून अधिक रकमेचा दंड एका सदस्य राष्ट्राने दुसऱ्याकडे पाठवावा आणि दुसऱ्याने तो स्वतःचाच समजून वसूल करावा, हे त्याचे सार होते. मार्शल यांनी सांगितलेली भिंत येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर ओलांडली गेली. तथापि, वेगळा करार नसल्यास वसूल झालेली रक्कम वसूल करणाऱ्या राष्ट्राकडेच राहील, अशी तरतूदही त्यात होती. म्हणजे कागदपत्रे एकाने तयार करावयाची आणि पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत जावयाचा. अशा व्यवस्थेत लहान दंडांचा पाठपुरावा करण्याची प्रेरणा दंड करणाऱ्या प्रशासनाला कितपत राहणार, हा प्रश्न स्वाभाविक होता.

शिवाय मालकाचा पत्ताच ठाऊक नसेल तर दंड पाठवावयाचा कोणाला, ही अडचण उरलीच होती. परदेशी चालकांचा वाहतुकीतील वाटा सुमारे ५ टक्के, परंतु वेगभंगातील वाटा सुमारे १५ टक्के, अशी आकडेवारी युरोपीय आयोगाने मांडली. त्या पार्श्वभूमीवर २५ ऑक्टोबर २०११ रोजी वाहननोंदणीच्या माहितीची देवाणघेवाण करण्याविषयीचा निर्देश निघाला. वेगभंग, लाल दिवा ओलांडणे, मद्यपान करून वाहन चालविणे इत्यादी ८ गुन्हे त्यात समाविष्ट होते. मालकाला पाठवावयाचे पत्र शक्यतो गाडीच्या नोंदणीपत्राच्या भाषेत असावे, ही त्यातील तरतूद विशेष महत्त्वाची होय. हा निर्देश पोलीस सहकार्याच्या आधारावर काढला होता. वास्तविक तो वाहतूक धोरणाचा विषय आहे, असे ठरवून युरोपीय न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी तो रद्द केला. ११ मार्च २०१५ रोजी योग्य आधारावर नवा निर्देश काढण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती करून गुन्ह्यांची यादी वाढविण्यात आली.

संघाच्या चौकटीबाहेरही हालचाल सुरू राहिली. जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्यातील सुधारित पोलीस तहानुसार १ मे २०२४ पासून ७० युरो अथवा ८० स्विस फ्रँकपासूनचे वाहतूक दंड परस्परांच्या देशांत वसूल करता येतात. उलटपक्षी ब्रिटन ३१ डिसेंबर २०२० नंतर संघाच्या या व्यवस्थेबाहेर पडले.

५. मालक, सूचना आणि भाषा

वसुलीचा मार्ग खुला झाल्यावर न्यायाचे प्रश्न पुढे आले. नेदरलँड्समध्ये वेगभंग केलेल्या, पोलंडमध्ये नोंदलेल्या एका गाडीच्या मालकास २३२ युरो दंड झाला. दंडाचा कागद त्याच्या टपालपेटीत टाकण्यात आला होता. केवळ मालक म्हणून दोषी धरणे योग्य काय आणि अशी सूचना पुरेशी काय, असे पोलिश न्यायालयाने विचारले. मालकाच्या दोषाचे गृहीतक खोडून काढण्याची संधी असेल आणि दाद मागण्यास पुरेसा अवधी मिळाला असेल, तर वसुली नाकारता येणार नाही, असा निर्णय ५ डिसेंबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने दिला.

याहून मूलगामी प्रश्न भाषेचा होता. पोलंडमधील दुसऱ्या एका व्यक्तीला डच दंडनिर्णय त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाला नव्हता. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की आरोप आणि बचावाचे हक्क समजण्यास आवश्यक असा मजकूर त्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत दिलेला नसेल, तर वसुली नाकारता येते. न वाचता येणाऱ्या दंडपत्राला उत्तर देता येत नाही, हे साधे सत्य येथे कायद्याने मान्य केले.

भाषेचे अज्ञान प्रशासनाकडूनही घडते. आयर्लंडच्या पोलीस नोंदींमध्ये ‘प्राव्हो याझ्दी’ नावाचा एक पोलिश चालक वारंवार नियम मोडत असल्याचे दिसत होते. प्रत्येक वेळी त्याचा पत्ता वेगळा असे. या शब्दांचा पोलिश अर्थ ‘वाहन परवाना’ असा असून पोलिसांनी परवान्यावरील शीर्षकच चालकाचे नाव म्हणून ५० हून अधिक वेळा नोंदविले होते, हे २००७ मध्ये लक्षात आले. हा किस्सा विनोदी खरा. पण चुकीच्या नोंदीवर उभा असलेला दंड सीमेपार पाठविला गेला तर काय होईल, याची कल्पना त्यावरून येते.

६. भारतीय चालकाचा संदर्भ

प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन महाराष्ट्रातील अनेक पर्यटक युरोपात भाड्याची गाडी चालवितात. त्यांच्या बाबतीत जुनी भिंत अद्याप बव्हंशी उभी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ४४अ नुसार अधिसूचित राष्ट्रांतील वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे भारतात अमलात आणता येतात. परंतु दंड अथवा शास्तीच्या रकमा त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच वगळल्या आहेत. तथापि, येथे कायद्याची जागा कराराने घेतली आहे. भाडेकरारान्वये कंपनी चालकाचा तपशील पोलिसांना कळविते आणि त्याबद्दलचे शुल्क त्याच्या क्रेडिट कार्डावर आकारते. हे शुल्क म्हणजेच दंड, असा पर्यटकाचा समज होतो. प्रत्यक्षात दंडपत्र स्वतंत्रपणे व पुष्कळ उशिरा येते. इटलीच्या वाहतूक संहितेत परदेशस्थ व्यक्तीस सूचना बजावण्यासाठी ३६० दिवसांचा अवधी आहे. एवढ्या काळानंतर त्या दिवशी गाडी कोण चालवत होते, हे आठवणे आणि सिद्ध करणे सोपे नसते. युरोपीय संघातील नागरिकाला मिळालेले भाषेचे व दाद मागण्याचे जे संरक्षण वसुलीच्या टप्प्यावर उपयोगी पडते, ते या खासगी करारात आपोआप मिळत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, परदेशी चालकास मिळणारी सूट हा त्याचा हक्क कधीच नव्हता. १९०९ च्या करारानेच त्याला स्थानिक नियमांनी बांधले होते. उणीव होती ती वसुलीच्या यंत्रणेची. ज्या रस्त्यावर स्थानिक रहिवासी दंड भरतो त्याच रस्त्यावर पाहुणा मोकळा सुटावा, हे समतेच्या तत्त्वाशी विसंगत होते. दुसरी, कॅमेरा व नोंदणीच्या माहितीची देवाणघेवाण यांनी ही उणीव भरून काढली, पण दोषाचा भार प्रत्यक्ष चालकाकडून मालकाकडे, म्हणजे व्यक्तीकडून क्रमांकाकडे सरकविला. तिसरी, हा भार सह्य करणारी तत्त्वे, म्हणजे पुरेसा अवधी, समजणारी भाषा आणि गृहीतक खोडण्याची संधी, बहुतांशी न्यायालयांसमोर झगडूनच प्रस्थापित करावी लागली. पूर्वी सीमा दोषी चालकाला पाठीशी घालत असे. आता ती निर्दोष चालकाला एकटे पाडणार नाही, याची काळजी घेणे हे या व्यवस्थेपुढील खरे आव्हान होय. दंड जेवढे अंतर कापतो तेवढेच अंतर बचावाच्या हक्कानेही कापले, तरच तो दंड न्याय्य ठरेल.