सहयोगी सेवा निवड (वेब सेवा संयोजन)

सहयोगी सेवा निवड ही वेब सेवा संयोजनातील एक प्रक्रिया होय. निरनिराळ्या संस्थांच्या वेब सेवा जोडून एखादे काम पूर्ण करताना, प्रत्येक टप्प्यासाठी समान कार्य करणाऱ्या पर्यायी सेवांमधून योग्य सेवा या प्रक्रियेत निवडली जाते.

स्वरूप

संयोजनात प्रथम कामाचे टप्पे ठरतात आणि नंतर प्रत्येक टप्प्याला प्रत्यक्ष सेवा जोडली जाते. ओएसिस या संस्थेने एप्रिल २००७ मध्ये मान्य केलेल्या डब्ल्यूएस-बीपीईएल २.० या मानकात अशा सहभागी सेवांशी असलेल्या संबंधाला ‘पार्टनर लिंक’ म्हणतात. बाहेरच्या संस्थेच्या सेवेवर आपले नियंत्रण नसते. त्यामुळे शुल्क, प्रतिसादकाळ व उपलब्धता यांबरोबरच माहितीची गोपनीयता आणि सेवा कराराच्या अटीही पाहाव्या लागतात.

निवडीच्या पद्धती

स्थानिक निवडीत प्रत्येक टप्प्याची सर्वोत्तम सेवा स्वतंत्रपणे घेतली जाते. ही पद्धत वेगवान असली, तरी एकूण खर्चाची किंवा वेळेची मर्यादा तिच्यात पाळली जाईलच असे नाही. समग्र निवडीत संपूर्ण साखळीचा विचार होतो. उदाहरणार्थ, प्रत्येकी ९९ टक्के उपलब्धता असलेल्या, परस्परांपासून स्वतंत्र अशा तीन सेवा एकापाठोपाठ जोडल्यास साखळीची उपलब्धता सुमारे ९७ टक्के उरते. पाच टप्पे आणि प्रत्येकासाठी दहा पर्याय असल्यास १,००,००० जोडण्या संभवतात. म्हणून पूर्णांक प्रोग्रामिंग किंवा जनुकीय अल्गोरिदम वापरले जातात.

उदाहरण

छत्रपती संभाजीनगर–पैठण मार्गावरील चितेगाव हे औद्योगिक गाव आहे. अशा ठिकाणच्या कारखान्यातून माल बाहेर पडताना ई-बीजक, ई-वे बिल, वाहतूक आणि बँक या सेवा एका साखळीत येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना, काही अपवाद वगळता, दुसऱ्या व्यवसायाला केलेल्या विक्रीसाठी ई-बीजक बंधनकारक आहे. बीजक नोंदणीसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पोर्टलांखेरीज २०२३ पासून खासगी संस्थांची पोर्टलेही उपलब्ध झाली. बीजकाचा आराखडा समान असतो. ६४ वर्णांचा नोंदणी क्रमांकही ठरावीक माहितीवरूनच तयार होतो. त्यामुळे पोर्टल बदलले तरी त्याच बीजकाचा क्रमांक बदलत नाही. पर्याय खऱ्या अर्थाने उपलब्ध होतो तो या समान मानकामुळे.

मर्यादा

पर्यायी सेवा वरकरणी स्वतंत्र दिसल्या, तरी त्या एकाच मूळ प्रणालीवर अवलंबून असू शकतात. वरील उदाहरणात नोंदणीचे पोर्टल बदलता येते. मात्र ई-वे बिलाची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रच चालवते. ती बंद पडल्यास पोर्टल बदलून उपयोग होत नाही आणि ई-वे बिल आवश्यक असलेला माल कारखान्यातच अडकतो. शिवाय गुणवत्तेचे आकडे बहुधा सेवा देणारी संस्थाच जाहीर करते. म्हणून प्रत्यक्ष वापरातील नोंदी ठेवणे, पर्यायी सेवा आधीच जोडून ठेवणे आणि सामाईक अवलंबन तपासणे हे निवडीचेच भाग मानले जातात.