लग्नाचा विधि कोणाच्या हातीं?

महाडहून दक्षिणेस निघालेला रस्ता पोलादपूर मागें टाकून कशेडीच्या घाटास लागतो, घाटापलीकडे खेड. ज्या चढणीवर एके काळीं वऱ्हाडाचा दम लागे, तेथें आज मोटारी बोगद्यांतून पार होतात. वाट बदलली तसा लग्नाचा बेतहि बदलला. मुंबईस नोकरी करणारीं मुलगा-मुलगी रजा आणि सभागृहाची तारीख जमवून लग्न ठरवितात, आणि मग घरांत प्रश्न निघतो : कोणता विधि ठेवावयाचा आणि कोणता सोडावयाचा? हा प्रश्न नव्या पिढीचा लहरीपणा आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याला दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट महाडास येऊन पोंचतो.

जुनें लग्न हें दोन घरांचें नव्हे, तर गांवाचें कार्य असे. मुहूर्तमेढ रोवली, देवक बसविलें, हळद लागली, म्हणजे एकेक माणूस आपापलें काम घेऊन मांडवांत येई. कुंभारानें मडकीं आणावीं, सुतारानें पाट-चौरंग द्यावा, परटानें पायघड्या घालाव्या, अशी वांटणी ठरलेली असे. देवकांत कोणाकडे कळंबाची डहाळी, कोणाकडे उंबराची, तर कोणाकडे पंचपालवी. ज्यांचें देवक एक त्यांचा शरीरसंबंध व्हावयाचा नाहीं, असा मराठ्यांत दंडक असे. मुहूर्त पाहण्यास घटिकापात्र लागे. तळाशीं बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें, झाली. या साऱ्या व्यवस्थेंत जिव्हाळा होता यांत शंका नाहीं. परंतु कामाबरोबर प्रत्येकाचा हक्क बांधलेला होता, आणि कामाबरोबर प्रत्येकाची पायरीहि.

या हक्कांत ग्रामजोशाचा हक्क विशेष बळकट. जोशीपण हें वतन होतें. यजमानानें दुसऱ्या भटजीकडून लग्न लाविलें, तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेची मागणी करूं शके, आणि इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींहि हा हक्क मान्य केला होता. म्हणजे लग्न घरचें, मुलगी घरची, खर्च घरचा. परंतु विधि कोणाच्या मुखानें व्हावा हें ठरविण्याची मोकळीक मात्र घराला नाहीं, अशी स्थिति होती.

या स्थितीवर पहिला मोठा आघात जोतीराव फुले यांनीं केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरला त्या पद्धतीचें पहिलें लग्न लागलें. त्याच्या सिद्धतेंत सावित्रीबाईंचा पुढाकार होता. येथें पुरोहित नव्हता. मंगलाष्टकें मराठींत होतीं. वधूवरांनीं तीं स्वतः म्हणावयाचीं, आणि एकमेकांस दिलेलें वचन जमलेल्या मंडळींस समजावें, असा त्यांचा हेतु होता. अर्थ न कळणाऱ्या संस्कृत मंत्रांच्या जागीं कळणारी मराठी आली, हा बदल खर्चाच्या बचतीहून फार मोठा होता. कारण समजून दिलेलें वचन मोडतांना माणसाला लाज वाटते. १८८९ च्या फेब्रुवारींत जोतीरावांनीं आपला मुलगा यशवंत याचें लग्नहि याच रीतीनें लाविलें.

पुढचें पाऊल मुंबईच्या कायदे कौन्सिलांत पडलें. सी. के. बोले यांच्या ठरावानें ऑगस्ट १९२३ मध्यें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. त्याच ठरावाच्या आधारें महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केलें, आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारो अनुयायांसह तेथील पाणी पिऊन तो हक्क बजाविला. याच बोल्यांच्या खटपटीनें १९२६ सालीं जोशी-वतनाची सक्ती नाहींशी करणारा कायदा झाला. तळ्याचें पाणी आणि लग्नाचा विधि या दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच होता : जन्मानें लाभलेला हक्क दुसऱ्याच्या आयुष्यावर कोठवर चालावा? महाडास मनुस्मृतीचें दहन झालें तें २५ डिसेंबर १९२७ रोजीं. पहिल्या सत्यशोधक लग्नाचा दिवसहि तोच, हा योगायोग खरा. पण तो विसरण्याजोगा नाहीं.

स्वातंत्र्य मिळालें, तरी त्याबरोबर जबाबदारी आली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें वधू किंवा वर यांपैकीं कोणत्याहि एका पक्षाच्या रूढ विधीनें झालेलें लग्न ग्राह्य मानिलें. बौद्ध, जैन व शीख यांनाहि तो लागू आहे. जेथें सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथें सातवें पाऊल पडतांच लग्न पुरें होतें. मात्र रूढि सिद्ध करतां आली पाहिजे. १९६५ सालीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत, पत्नी हयात असतां दुसरें लग्न केल्याचा आरोप असलेला पुरुष सर्वोच्च न्यायालयांतून सुटला. कारण दुसऱ्या लग्नांत होम व सप्तपदी झाल्याचें, किंवा त्यांवांचून लग्न लागण्याची रूढि असल्याचें, सिद्ध झालें नाहीं. अपुऱ्या विधीचा भार अखेर स्त्रीवर पडतो, हा या निकालाचा धडा आहे. उलट, विधि न करितां केवळ नोंदणीचा दाखला मिळविल्यानें हिंदु विवाह सिद्ध होत नाहीं, असें त्याच न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट केलें. ज्यांना कोणताच धर्मविधि नको, त्यांच्यासाठीं १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यांत ३० दिवसांची नोटीस आधीं द्यावी लागते, हें बेत करतांनाच ध्यानांत घ्यावें.

म्हणून आजच्या वधूवरांनीं मांडवाच्या रंगाआधीं तीन गोष्टी ठरवाव्या. कोणत्या विधीनें लग्न लागणार आणि त्याचे साक्षी कोण. नोंदणी कोठें व केव्हां करावयाची. आणि उच्चारावयाच्या शब्दांचा अर्थ दोघांस ठाऊक आहे कीं नाहीं. एवढें झाल्यावर हळद, रुखवत, गोंधळ, वरात हीं हौसेनें ठेवावीं किंवा संकोच न बाळगतां सोडावीं. जुन्या पिढीला विधि निवडण्याचा अधिकार झगडून मिळवावा लागला. तो समजून वापरणें हाच त्या झगड्याचा खरा मान होय.