खलापासून नोंदवहीपर्यंत

बदलीच्या नव्या गावी सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी ज्याची प्रथम गाठ पडे, तो कंपाउंडर आता बहुधा स्मरणातच उरला आहे. खलात भुकटी घोटणे, ग्रेन-ड्रामचा हिशेब राखणे, मिश्रणाच्या बाटलीवर मात्रांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटविणे, ही त्याची विद्या. पुष्कळांनी ती डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करूनच संपादन केलेली असे. परीक्षेचे बंधन देशभर नव्हते.

या ढिलाईची किंमत रोग्यास मोजावी लागे. भेसळीच्या व हिणकस औषधांविषयी ओरड वाढल्यावर सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. औषधांवर नियंत्रण हवे, तसेच ती देणाऱ्यांचे शिक्षण व नोंदणीही हवी, असा तिचा अभिप्राय पडला. पुढे १९३२ मध्ये काशीच्या हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी या शास्त्राच्या अध्यापनाचा पाया घातला. १९४० च्या कायद्याने औषधाला शिस्त लावली. औषध देणाऱ्याला ती लागली १९४८ च्या फार्मसी कायद्याने.

पण मग जुन्या कंपाउंडरांचे काय? ज्यांचे हात वाकबगार, पण गाठीस प्रमाणपत्र नाही, त्यांना एका लेखणीच्या फटकाऱ्याने बेकार करावयाचे काय? कायदा करणाऱ्यांनी येथे शहाणपण दाखविले. दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे बनविण्याचे काम केलेल्यास पहिल्या नोंदवहीत प्रवेश देण्यात आला. त्यानंतर मात्र ही वाट बंद झाली. नोंदणीवाचून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध बनवून देण्यास कलम ४२ ने मनाई केली. स्वतःच्या रुग्णांस औषध देणारा डॉक्टर तेवढा अपवाद. हे कलम कधी अमलात आणावयाचे, ते प्रथम राज्यांवर सोपविले होते. १९७६ च्या दुरुस्तीने त्यास कालमर्यादा पडली.

फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आपणांस यातील मर्म सहज उमगावे. नियम कडक असावा, परंतु काल प्रामाणिकपणे राबलेल्यास त्याने आज उघड्यावर टाकू नये. आणि उमेदवारी तरी कोठे संपली? १९९१ च्या नियमावलीने पदविकेच्या विद्यार्थ्यास ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे केले. त्यांतील २५० तास चिठ्ठीबरहुकूम औषधे देण्यासाठीच राखले. खल गेला, खिडकीमागे उभे राहून शिकणे मात्र राहिले.